वादळाची पूर्वसंध्या : खिडकी उघडी की बंद?

दिनांक २ जून २०२०. अरबी समुद्रातील ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुसऱ्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर येणार, असा इशारा हवामान विभागाने दिलेला होता. अशा वेळी रोह्याजवळच्या एखाद्या घरात काय चालले असेल, ते डोळ्यांपुढे आणा. माजघरावर मंगलोरी कौले, पडवीवर पत्रे. वीज गेली की पंप बंद पडणार, म्हणून आई हंडे-कळशा भरून ठेवते आहे. मुलगी विजेरी शोधते आहे. बाबा पत्र्यांवर दगड ठेवताहेत आणि आजोबा खालून सांगताहेत, “एक खिडकी उघडी ठेव रे. कोंडलेल्या हवेनेच छप्पर उडते.”

आजोबांचे म्हणणे बरोबर आहे का?

प्रथम वाऱ्याचे बळ पाहू. ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेस वादळ जमिनीवर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. झोत १२० पर्यंत जात होते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी ११० किलोमीटरचा वारा आडवा आला, तर दर चौरस मीटरला सुमारे ५७ किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो. घरावरून जाताना हा वारा छपराच्या कडेला आणि आढ्यापाशी वळतो आणि तेथे पृष्ठभागावरचा दाब उतरतो. कागदाची एक पट्टी ओठांशी धरा, पुढचे टोक खाली वाकू द्या आणि पट्टीच्या वरून फुंका. पट्टी वर उचलली जाईल. छपराचेही तसेच होते.

आता त्याच वेळी वाऱ्याच्या तोंडची खिडकी उघडी असेल तर? वारा आत घुसतो, त्याला बाहेर पडायला तेवढी वाट नसते आणि आतला दाब वाढतो. म्हणजे वरून ओढ आणि खालून रेटा! तीन चौरस मीटरचा पत्रा जेमतेम १५ किलोचा. त्याच्यावर १५० किलोच्या वर बळ आले, तर बाबांचे दगड काय करणार? उलट पत्र्याबरोबर तेही उडायचे. पत्रा वाशांना हुक-बोल्टने जखडलेला हवा, आणि वासे भिंतीला.

तेव्हा आजोबांचे निदान अर्धे खरे, पण उपाय नेमका उलटा. चक्रीवादळात बाहेरचा वायुदाब उतरतो हे खरे. पण तो काही तासांत हळूहळू उतरतो आणि कौलांच्या फटींतून आतली हवा आपोआप बाहेर जाते. त्यासाठी खिडकी उघडावी लागत नाही.

“मग समुद्राकडचीच खिडकी लावू,” असे मुलगी म्हणेल. तेही पुरेसे नाही. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. ‘निसर्ग’ ईशान्येकडे सरकले. अशा वादळाच्या वाटेवरच्या घरावर आधी आग्नेयेकडून वारा येतो आणि केंद्र पुढे गेल्यावर वायव्येकडून. म्हणून चारही बाजूंची दारे-खिडक्या लावायच्या. केंद्र डोक्यावरून जात असता वारा काही वेळ मंदावतो. नेमके तेव्हाच निसटलेला पत्रा बसवायला कोणी शिडी लावतो आणि उलट दिशेचा वारा त्याला गाठतो.

पेणची अडचण आणखी वेगळी. तेथील गणपतीचे कारखाने जूनमध्ये मूर्तींनी भरलेले असतात; त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. शाडूची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळवलेली असते. पाणी लागले की माती पुन्हा माती होते. वाळवायला वारा हवा, म्हणून पत्र्याची शेड एका बाजूने मोकळी ठेवलेली. तीन बाजू बंद आणि एक उघडी, म्हणजे वरच्या हिशेबातली सर्वांत वाईट रचना! अशा शेडवर ताडपत्री आणि दोऱ्या आवळत बसण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी हाताशी असलेल्या माणसांनी मूर्ती पक्क्या स्लॅबच्या खोलीत हलवणे बरे. मूर्ती ओली असेल तर ती पाटासकट उचलावी.