दोष कार्बोरेटरचा की झाकणाचा?

स्प्लेंडर असो की जुनी पल्सर, गाडीने रस्त्यात मान टाकली की पहिला आळ कार्बोरेटरवर येतो. तो लगेच खोलतात, जेट फुंकतात, गाडी चार दिवस बरी चालते आणि पुन्हा तेच. या घाईचा मला मनापासून राग आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, नव्या मोटारसायकलींत इंजेक्शन आलं. पण गावोगावी कार्बोरेटरच्या गाड्या अजून रोज पळतात, आणि त्यांतल्या कित्येकींचं दुखणं वरच, टाकीच्या झाकणात असतं.

या गाड्यांना पेट्रोलचा पंप नसतो. पेट्रोल आपल्या वजनाने कॉकमधून फ्लोटच्या वाटीत उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा टाकीत शिरायला हवी, म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. धूळ आणि पॉलिश साचून ते बुजलं की आत पोकळी तयार होते. वीतभर उंचीच्या पेट्रोलचा भार तो किती? टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा दीड-दोन टक्के घटला तरी धार थांबते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर वर हवा थोडीच, म्हणून दाब लवकर पडतो. ‘फुल्ल केली आणि बंद पडली’ म्हणून पंपवाल्याला शिव्या बसतात, त्यामागे कधी कधी हेच असतं.

फसवणूक पुढे आहे. दहा मिनिटं थांबलं की फटीतून हवा झिरपते आणि गाडी सुरू होते. तापलेली इग्निशन कॉइलही थंड झाल्यावर अशीच सुधारते. म्हणून गाडी बंद पडताक्षणी, न थांबता, झाकण उघडावं. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळात इंजिन लागलं, तर कॉइलला हात लावू नये. शंका राहिलीच तर इंजिन थंड असताना वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत धरावं. धार आधी जोरात आणि मग मंदावत गेली, झाकण उघडताच पुन्हा वाढली, तर दोष हवेचा. झाकण उघडं असूनही वाटी रिकामी होताच नुसते थेंब पडत असतील तर कॉकची जाळी, नळी किंवा अडकलेली फ्लोटची सुई बघावी.

हवेची दुसरी वाट वाटीला असते, आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, म्हणूनच ते जेटमधून वर चढतं. ही व्हेंटची नळी सर्व्हिसिंगनंतर दबली किंवा तिच्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं, तर गाडी हळू चालते, पण थ्रॉटल पिळला की दम सोडते. ओढ्याच्या पाण्यात नळीचं टोक बुडालं तरी तेच होतं.

झाकणाचं भोक बारीक तारेने साफ करता येतं. जेटमध्ये मात्र तार कधीच घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग प्लग काळा पडत राहतो.