शस्त्रक्रियेनंतरचे तीस दिवस

पैठणच्या रस्त्यावरील बिडकीन गांवच्या एखाद्या शेतकऱ्याचें आंत्रपुच्छ सुजलें, म्हणजे त्याला बहुधा छत्रपति संभाजीनगरास न्यावें लागतें. शस्त्रक्रिया होते, चार दिवसांनीं रोगी घरीं परततो, आणि शस्त्रवैद्याच्या लेखीं तो बरा झालेला असतो. पुढें आठव्या दिवशीं जखमेंतून पू वाहूं लागला, तर तो पुनः शहर गांठीलच असें नाहीं. गांवांतल्याच डॉक्टरकडून पट्टी बांधून घेतो. ज्यानें शस्त्र चालविलें त्याच्या कानीं ही वार्ता जातच नाहीं.

हा अभाव क्षुल्लक नव्हे. शस्त्रक्रियेच्या जागीं होणारा जंतुसंसर्ग ३० दिवसांपर्यंत, व कृत्रिम सांधा बसविला असल्यास ९० दिवसांपर्यंत मोजावा, असा वैद्यकांतील संकेत आहे. घरीं गेल्यावर प्रकट झालेला संसर्ग रुग्णालयाच्या वहींत उतरत नाहीं, आणि वही निष्कलंक दिसते!

बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शस्त्रवैद्यानें हा दोष शंभर वर्षांपूर्वींच ओळखला होता. प्रत्येक रोग्यामागें तो एक कार्ड ठेवी. त्यावर निदान, उपाय, उपद्रव आणि एका वर्षानंतरची प्रकृति लिही. १९११ ते १९१६ या काळांत त्याच्या लहानशा रुग्णालयांतून गेलेल्या ३३७ रोग्यांच्या बाबतींत घडलेल्या १२३ चुका त्यानें स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या. सहव्यवसायी रुष्ट झाले, हें सांगावयास नकोच.

त्या कार्डाचें काम आतां संगणक करूं शकतो. या शास्त्रास क्लिनिकल इन्फर्मॅटिक्स म्हणतात. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्यें रोग्यास १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो, व त्याच्या संमतीनें एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणीं वाचतां येते. भूल देण्यापूर्वीं रोगी रक्त पातळ करणारें औषध घेतो काय, कोणतें औषध त्यास सोसत नाहीं, हें अशा नोंदीवरून कळतें. परतीची वाट मात्र अधिक अवघड. जखमेची स्थिति, तारीख आणि दिलेलें औषध, एवढ्याच तीन गोष्टी पट्टी बदलणाऱ्या परिचारिकेनें लिहावयाच्या. पण बाहेर रोग्यांची रांग उभी असतां तेवढीं दोन मिनिटें तिच्या कामाच्या वेळांत कोणीं धरलेलीं नसतात, आणि संगणकावरील तो रकाना रिकामाच राहतो.