पुढची घटना कोणती?

बँकेच्या खिडकीपुढील रांग, बंदरात धक्का मोकळा होण्याची वाट पाहणारी जहाजे किंवा संगणकांच्या जाळ्यातून धावणारी माहितीची पुडकी या साऱ्या व्यवस्थांचे समान लक्षण असे, की त्यांची स्थिती एखादी घटना घडते त्या क्षणीच बदलते आणि दोन घटनांच्या मधल्या काळात जशीच्या तशी राहते. अशा व्यवस्थेची संगणकावर चालवलेली प्रतिकृती म्हणजे विविक्त, म्हणजेच एकमेकींपासून सुट्या, घटनांचे सिम्युलेशन होय. त्यातील घड्याळ सेकंदासेकंदाने सरकत नाही. ते एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी घेते आणि मधला रिकामा काळ मोजण्याचे श्रम वाचवते. परंतु ही उडी घेण्यापूर्वी पुढची घटना कोणती हे ठरवावे लागते, आणि कोट्यवधी वेळा ठरवावे लागते.

या तंत्राचा पाया 1950च्या दशकाच्या अखेरीपासून घातला गेला. ब्रिटनमधील युनायटेड स्टील कंपनीत के. डी. टोचर यांनी कारखान्याच्या कामकाजाचे सिम्युलेशन करणारी प्रणाली रचली. 1961 मध्ये आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांची जीपीएसएस ही सिम्युलेशन प्रणाली आली. पुढे 1990 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे हॅरी मार्कोविट्झ यांनी रँड संस्थेत सिमस्क्रिप्ट ही सिम्युलेशनची भाषा घडवली. ऑस्लोमध्ये क्रिस्टन नायगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी सिम्युला ही भाषा निर्माण केली. या प्रणालींच्या धाटण्या वेगवेगळ्या असल्या, तरी भावी घटना त्यांच्या नियोजित वेळेसह कोठेतरी नोंदवून ठेवण्याची गरज सर्वांनाच होती. या नोंदींना येथे घटनायादी म्हटले आहे.

घटनायादीवर मुख्यतः दोन क्रिया होतात: सर्वांत आधीची घटना काढून घेणे आणि तिच्यातून उद्भवलेली नवी घटना योग्य जागी बसवणे. यादी कालक्रमाने लावून ठेवली, तर पहिली क्रिया क्षणात होते. मात्र दुसरीसाठी आरंभापासून जागा शोधत जावे लागते आणि यादीत 10,000 घटना असल्या, तर हजारो तुलना कराव्या लागू शकतात. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी 1964 मध्ये मांडलेली हीप ही रचना या अडचणीवरचा भक्कम उपाय ठरली. तिच्यात घटनांची पूर्ण क्रमवारी लावली जात नाही. प्रत्येक घटना आपल्या खालच्या दोघींपेक्षा उशिराची नसावी एवढाच नियम पाळला जातो, त्यामुळे 10,000 घटनांची हीप अवघ्या 14 पातळ्यांत मावते आणि 10 लाखांची 20 पातळ्यांत, म्हणून नवी घटना बसवताना थोड्याच तुलना पुरतात.

तरीही या विषयातील सर्वांत देखणी कल्पना रँडी ब्राउन यांनी 1988 मध्ये मांडलेल्या दिनदर्शिका-रांगेची आहे. टेबलावरच्या दिनदर्शिकेत भेटीची वेळ लिहिताना आधीच्या सगळ्या नोंदी कोणी चाळत नाही, थेट त्या दिवसाचे पान उघडतो. तसेच येथे घटनेच्या वेळेवरून पान गणिताने ठरते आणि त्या पानावरील आखूड यादीत नोंद होते. पुढच्या वर्षीची घटनाही त्याच तारखेच्या पानावर जाते व तिचे वर्ष येईपर्यंत ती ओलांडली जाते. एक दिवस किती काळाचा मानावा, यावर सारे अवलंबून असते, कारण दिवस फार मोठा घेतला तर एकाच पानावर गर्दी होते आणि फार लहान घेतला तर कोरी पाने उलटण्यात वेळ जातो. म्हणून घटनांची संख्या पानांच्या दुपटीहून वाढली, की ब्राउन यांची रचना पाने दुप्पट करते, संख्या निम्म्याहून घटली की निम्मी करते, आणि नजीकच्या काही घटनांमधील अंतरे पाहून दिवसाची लांबी नव्याने ठरवते. घटना काळात बऱ्यापैकी सारख्या विखुरलेल्या असतील, तर यादी कितीही वाढली तरी प्रत्येक क्रियेचा सरासरी खर्च जवळपास स्थिर राहतो. पण 'सरासरी' या शब्दाकडे दुर्लक्ष होता कामा नये: बहुतेक घटना एका अरुंद कालखंडात दाटल्या आणि थोड्या फार दूर पसरल्या, तर ही रचना जुन्या यादीइतकीच मंदावते.

वाई टेंग टँग, रिक गोह आणि इयान थंग यांनी 2005 मध्ये मांडलेली शिडी-रांग ही उणीव भरून काढू पाहते. दूरच्या घटना तिच्यात कसलाही क्रम न लावता पडून राहतात; त्यांची वेळ जवळ आली की त्या कप्प्यांत विभागल्या जातात, एखादा कप्पा फार भरला की त्याचीच अधिक बारीक वाटणी करणारी नवी पायरी तयार होते आणि काटेकोर क्रमवारी शेवटच्या मूठभर घटनांचीच लागते. क्रमवारी लांबणीवर टाकण्यात मोठे शहाणपण आहे, कारण कित्येक नियोजित घटना घडतच नाहीत. संदेशाची पोच ठरल्या वेळेत न आल्यास तो पुन्हा पाठवण्याची घटना नोंदवली जाते, पण पोच बहुधा वेळेत येते आणि ती नोंद रद्द होते.

वेगाच्या या शोधात अचूकतेचा एक प्रश्न मात्र सहज नजरेआड होतो. दोन घटनांची वेळ नेमकी एकच असेल, तर आधी कोणती घ्यावी? साधी यादी आधी नोंदलेलीला मान देऊ शकते, पण हीप अशी हमी देत नाही. त्यामुळे केवळ घटनायादीची रचना बदलल्याने प्रयोगाचे निष्कर्ष बदलू शकतात, आणि ते का बदलले हे संशोधकाला उमगतही नाही. जाळ्यांच्या अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या एनएस-3 या प्रणालीत म्हणूनच वेळ पूर्णांकात मोजली जाते, दशांश पूर्णांकित करताना होणाऱ्या चुकांना वाव ठेवला जात नाही, आणि प्रत्येक घटनेला एक चढता क्रमांक दिला जातो. वेळ सारखी निघाली, तर लहान क्रमांकाची घटना आधी घडते, मग खाली हीप असो वा दिनदर्शिका.