पत्रिकेबरोबर रक्तहि पाहावें

ठाण्याहून घोडबंदरकडे जाणारा रस्ता आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. मानपाडा, कासारवडवली, ओवळें हीं एके काळचीं खेडीं. आज तेथें येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं उंचच उंच इमारती उभ्या आहेत. अशाच एका इमारतींत आमच्या स्नेह्यांचें एकत्र कुटुंब राहतें. त्यांच्या घरीं जें घडलें तें सर्वांनींच विचार करण्यासारखें असल्यामुळें, त्यांच्या संमतीनें येथें देत आहों.

सूनबाईंना दिवस गेले. दुसऱ्या महिन्यांत रक्त तपासलें तेव्हां त्या थॅलेसेमिया या रक्तविकाराच्या वाहक आहेत असें आढळलें. "हें तुझ्या माहेरचें असेल," असें सासूबाई बोलून गेल्या. डॉक्टरांनीं मुलाचेंहि रक्त तपासविलें. तोहि वाहक निघाला. पुढें त्याच्या आईवडिलांचें रक्त पाहिलें, तों हा वारसा आईकडूनच आलेला! सासूबाई त्या रात्रीं जेवल्या नाहींत.

वस्तुतः यांत कोणाचाच अपराध नव्हता. शरीराच्या बहुतेक गुणांचीं बीजें, ज्यांना शास्त्रज्ञ जनुकें म्हणतात, आपणांस दोन दोन मिळतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. या विकाराचें एकच सदोष बीज ज्याच्या अंगीं आहे तो वाहक. तो जन्मभर धडधाकट असतो. फार तर रक्त किंचित् कमी. मात्र पतिपत्नी दोघेंहि वाहक असलीं तर प्रत्येक गर्भारपणीं मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो, केवळ वाहक होण्याचा चारांत दोन, व पूर्ण निर्दोष होण्याचा चारांत एक. पहिलें मूल रोगी झालें म्हणून पुढचीं सुखरूप होतील असें नाहीं. हिशेब दर वेळीं नव्यानें सुरू होतो. रोगी मुलास जन्मभर दर दोन ते चार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें.

बीजें अशीं लपून राहतात याचें एक उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत एक नवाच रक्तगट शोधून काढला. आईबापांचे गट नेहमींचे, पण दोघांकडील लपलेलें बीज एकत्र आलें कीं अपत्याचा गट 'बॉम्बे'! अशा मनुष्यास ओ गटाचेंहि रक्त चालत नाहीं.

आपण सगोत्र विवाह टाळतों व निश्चिंत होतों. परंतु गोत्र चालतें तें केवळ पित्याच्या बाजूनें. मामाच्या मुलीचें गोत्र निराळें, म्हणून कांहीं घराण्यांत ती सून म्हणून चालते. तथापि आते-मामेभावंडांची सरासरी एक अष्टमांश बीजें समान असतात! सिंधी, भानुशाली इत्यादि समाजांत थॅलेसेमियाचें प्रमाण अधिक आहे हें खरें. पण आमच्या जातींत तो नाहींच, असें कोणीहि म्हणूं नये.

आमच्या स्नेह्यांस डॉक्टरांनीं परळास के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेंत पाठविलें. तेथें समुपदेशकांनीं दोन्ही घराण्यांचा तीन पिढ्यांचा वंशवृक्ष मांडला, संभव समजावून सांगितले. अमुकच करा असें मात्र सांगितलें नाहीं. अकराव्या आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश काढून तपासतां येतो. त्यांत गर्भपाताचा थोडा धोका असतो, हेंहि सांगितलें. अशा तपासणीस १९९४ च्या कायद्यानें मुभा आहे. गर्भाचें लिंग सांगण्यास मात्र सक्त मनाई आहे. आणि पुढें काय करावयाचें याविषयीं कायदा सज्ञान स्त्रीचीच संमति मागतो, वडीलधाऱ्यांची नव्हे. हें घरांतील वडिलांनीं ध्यानीं धरावें.

निकाल येईपर्यंतचे दिवस त्या घरानें कसे काढले हें सांगावयास नको. मूल आईबापांप्रमाणें केवळ वाहक निघालें. चारांतील तो एक त्यांच्या वांट्यास आला नाहीं. पण कोणाच्या तरी वांट्यास तो येतोच.

म्हणून आमची विनंति एवढीच, कीं वाग्दानापूर्वींच वधूवरांच्या हिमोग्लोबिनची तपासणी करावी. ती आयुष्यांत एकदांच पुरते. दोघेंहि वाहक निघालीं तरी लग्न मोडलेंच पाहिजे असें नाहीं. पण पुढचें पाऊल डोळसपणें टाकतां येतें. घरांत एक वाहक आढळला तर त्याच्या भावंडांनींहि तपासून घ्यावें.

त्या सासूबाईंनीं तेंच केलें. दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं आपल्या बहिणींना व भावाला स्वतः कळविलें, "माझ्या रक्तांत हें आहे. तुमच्या मुलांचें तपासून घ्या." सुनेची क्षमा मागण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाहीं.