पाकिटावरचं संगणकशास्त्र

पत्त्यात नुसतं ‘खेड’ लिहिलं तर पत्र नेमकं कुठे जाईल? खेड रत्नागिरी जिल्ह्यात आहे, तसंच पुणे जिल्ह्यातही. खाली ४१५७०९ लिहिलं की पत्र कोकणात उतरतं, ४१०५०५ लिहिलं की पुणे जिल्ह्यातल्या खेडला, म्हणजे राजगुरुनगरला. नावांचा, लिप्यांचा आणि हस्ताक्षरांचा गोंधळ सहा आकड्यांत मिटवणारी पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे राजापूरचे. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. इंजिनीअरिंगच्या मुलांना डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात ज्या ‘ट्री’ची धास्ती वाटते, ती रचना वेलणकरांनी घरोघरच्या पाकिटांवर आणून ठेवली.

रत्नागिरी शहराचा पिनकोड ४१५६१२. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा विभाग. ४१ म्हणजे त्यातला उपविभाग, ४१५ म्हणजे सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे. दर आकड्याला जास्तीत जास्त दहा फांद्या. त्यातली एक धरायची, बाकीच्या नऊंकडे बघायचंही नाही. दिल्लीत पत्रं वेगळी करणाऱ्याला रत्नागिरी नकाशात कुठे आहे हे माहीत नसलं तरी अडत नाही. सुरुवातीचे आकडे पाहून त्याने थैली योग्य दिशेला लावली की पुढचं पुढची माणसं बघतात. इंटरनेटवरचे राउटरही आयपी पत्त्याचा सुरुवातीचा भाग पाहून माहिती पुढे ढकलतात. जगातल्या सगळ्या मोबाइल-संगणकांची यादी कुठल्याच राउटरकडे नसते.

आता एक गंमत पाहा. चिपळूणचा पिनकोड ४१५६०५ आणि साताऱ्याचा ४१५००१. मध्ये सह्याद्री असूनही फांदी एकच. लांजा (४१६७०१) आणि खुद्द वेलणकरांचं राजापूर (४१६७०२) मात्र रत्नागिरी जिल्ह्यात असूनही कोल्हापूरच्या ४१६ मध्ये आहेत. ही चूक नव्हे. पिनकोडची फांदी टपालाच्या सोयीने फुटते, तिथे महसुली हद्दीचा संबंध नाही. माहितीची मांडणी ती कशासाठी वापरायची यावर ठरते, हा डेटा स्ट्रक्चरचा पहिला धडा यापेक्षा सोप्या उदाहरणाने शिकवता येणार नाही.

पिनकोडची एक उणीवही शिकण्यासारखी आहे. त्यात चूक पकडणारा आकडा नाही. एक आकडा चुकला की पत्र निमूट दुसऱ्या गावाला जाऊ शकतं. आधार क्रमांकाचा बारावा आकडा याच कामासाठी असतो. आधीच्या अकरा आकड्यांवरून तो व्हरहूफ पद्धतीने काढतात. त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर संगणक तिथेच अडवतो.

दुसरी अडचण कोकणात जास्त जाणवते. एका पिनकोडात कितीतरी वाड्या, आणि घरं बागांमधून विखुरलेली. त्यावर टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साथीने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला. भारताभोवती ३६ अंश बाजूचा चौकोन कल्पायचा, त्याचे १६ भाग करायचे, आपलं घर ज्या भागात येतं त्याचे पुन्हा १६, असं दहा वेळा. दर वेळी एक चिन्ह मिळतं. दहा चिन्हांचा पत्ता तयार. तीच कृती लहान होत जाणाऱ्या तुकड्यावर पुन्हा पुन्हा करणं, यालाच रिकर्शन म्हणतात. ३६ ला दहा वेळा ४ ने भागून पाहा. उरलेल्या अंशाची लांबी जमिनीवर जेमतेम चार मीटर भरते. म्हणजे अंगण वेगळं आणि पडवी वेगळी!

हे सगळं करून पाहायला पैसे लागत नाहीत. ‘नो युवर डिजिपिन’ या सरकारी पानावर घराचा कोड मिळतो आणि त्यामागचा प्रोग्राम गिटहबवर खुला आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात तयार झालेल्या ‘विज्युअ‍ॅल्गो’वर ट्रीच्या फांद्या हलत्या चित्रांत दिसतात. ‘पायथन ट्यूटर’वर प्रोग्राम ओळीओळीने चालताना पाहता येतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतही आहेत आणि ते उतरवून घेतले की नेटवर्क नसलेल्या गावातही चालतात.

शिक्षकांनी एक प्रकल्प जरूर द्यावा. मुलांनी आपल्या तालुक्यातल्या टपाल कार्यालयांचे पिनकोड गोळा करावेत, कागदावर त्यांचं झाड काढावं आणि मगच संगणकाला हात लावावा. झाड कागदावर नीट उतरलं, तर प्रोग्राम लिहिणं फारसं अवघड जाणार नाही.