उपासमार आणि समुद्रातील सूक्ष्म प्राणी

समुद्राच्या पाण्यात प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या लहान प्राण्यांस प्राणिप्लवक म्हणतात. उत्तर अटलांटिक महासागरातील ‘कॅलॅनस’ हा त्यांपैकीच एक. तांदळाच्या दाण्याहून लहान असा हा कवचधारी प्राणी हेरिंग माशाचे एक प्रमुख अन्न होय. त्या समुद्रात वसंत ऋतूत सूक्ष्म वनस्पती विपुल वाढतात. हिवाळ्यात पुरेशा सूर्यप्रकाशाअभावी त्यांची वाढ जवळजवळ थांबते. मग वर्षातील कित्येक महिने हा जीव कशावर जगतो?

याचे उत्तर त्याच्या शरीरातील रसायनांत आहे. सुगीच्या दिवसांत खाल्लेल्या वनस्पतींपासून तो मेणासारखा स्निग्ध पदार्थ तयार करतो व शरीरातील तैलकोशात साठवितो. चांगल्या पोसलेल्या प्राण्याच्या शुष्क वजनाचा निम्म्याहून अधिक भाग अशा स्निग्ध पदार्थांचा असू शकतो. ही बेगमी झाली, म्हणजे तो शेकडो मीटर खोल, थंड पाण्यात उतरतो. तेथे त्याची हालचाल व श्वसन मंदावते आणि साठा पुरवून पुरवून वापरला जातो.

उपासमारीत शरीराचा खर्च सामान्यतः ठरावीक क्रमाने होतो. प्रथम साठविलेले स्निग्ध पदार्थ खर्ची पडतात. पेशींची आवरणे ज्या स्निग्ध पदार्थांची बनलेली असतात, ते मात्र शक्य तोवर राखले जातात. साठा सरत आला, की प्रथिनांचे विघटन वाढते. प्रथिनांत नायट्रोजन असल्यामुळे, घेतलेल्या ऑक्सिजनच्या मानाने उत्सर्जित अमोनियाचे प्रमाण अधिक होते. या खुणेवरून प्राणी चरबीवर जगत आहे की प्रथिनांवर, हे शास्त्रज्ञांस ओळखता येते. उष्ण कटिबंधातील प्लवकांचा साठा बहुधा अल्प असतो. त्यामुळे त्यांस प्रथिनांस लवकर हात घालावा लागतो.

अंटार्क्टिक समुद्रातील कोळंबीसारख्या ‘क्रिल’ प्राण्याची तऱ्हा विशेष आहे. इकेडा व डिक्सन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अन्नाविना ठेवलेले क्रिल २११ दिवसांपर्यंत जगले. कात टाकीत असता त्यांचे आकारमान वाढण्याऐवजी घटत गेले. म्हणजे स्वतःचे शरीरच त्यांनी अन्न म्हणून वापरले.

मनुष्यदेहासही स्थूलमानाने हाच क्रम लागू पडतो. ज्या मुलाच्या अंगी चरबीचा साठा थोडा, त्याच्या स्नायूंस उपासमारीची झळ लवकर पोचते. आहाराचा पाठ शिकविताना शिक्षकांनी हा दाखला दिल्यास, वेळेवर मिळणाऱ्या सकस अन्नाचे मोल मुलांस सहज उमगेल.