वाचनगट चालवायला शिक्षक कुठे शिकतात?

पाच-सहा मुले गोल बसवून एकेकाकडून धडा मोठ्याने वाचून घेतला की मार्गदर्शित वाचन झाले, असा समज सर्रास आढळतो. ते प्रत्यक्षात पाळीपाळीचे प्रकट वाचन असते. एकजण वाचतो आणि बाकीचे आपली पाळी कधी येते ते मोजत बसतात. मार्गदर्शित वाचनात प्रत्येकाच्या हातात तोच मजकूर असतो. बहुतेक शब्द जमतील आणि थोडे अडतील, असा तो निवडलेला असतो. सगळी मुले आपापल्या गतीने हळू आवाजात वाचतात, शिक्षक एकेकाजवळ जाऊन ऐकतो आणि नोंद करतो. खरे कौशल्य मूल अडखळते त्या क्षणी लागते. ‘पाण्यात’ऐवजी ‘पाणी’ वाचणाऱ्या मुलाला अर्थाचा माग लागलेला असतो, शब्दाचा शेवट मात्र निसटलेला असतो. ‘स्वच्छ’पाशी थांबलेल्याला जोडाक्षर नडते. दोघांना शब्द सांगून टाकणे सोपे, पण त्यातून दोघेही काही शिकत नाहीत. चित्र पाहून अंदाज करायला लावणे हाही उपाय नव्हे. इंग्रजी भाषक देशांतल्या शाळांत या पद्धतीवर त्यावरून झालेली टीका रास्तच आहे. अक्षरे, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे वेगळी, नीट शिकवावीच लागतात.

असे क्षणोक्षणीचे निर्णय सभागृहातल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात अंगवळणी पडतील, हा दुसरा आणि अधिक महागात पडणारा गैरसमज. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने स्तरानुसार गट करून शिकवण्याची पद्धत सरकारी शाळांत नेली, तिचे निष्कर्ष इथे उपयोगी पडतात. पद्धत हुबेहूब हीच नव्हे, पण अडचण तीच. बिहार आणि उत्तराखंडमध्ये शिक्षकांना केवळ प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तेव्हा वाचनात म्हणावा असा फरक पडला नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये पडला. तिथे शाळेच्या वेळेतला तास या कामासाठी राखून ठेवला होता, आणि शिक्षकांना मदत करणाऱ्या पर्यवेक्षकांनी आधी स्वतः मुलांना तसे शिकवून पाहिले होते. शिक्षक सगळीकडे सरकारी शाळांतलेच होते, त्यामुळे दोष त्यांच्या कुवतीवर ढकलता येत नाही. आपल्याकडे केंद्रप्रमुखाने वर्गात बसून एक गट स्वतः घेऊन दाखवला, दुसरा शिक्षकाला घेताना पाहिला आणि लगेच त्यावर बोलला, तर त्याची भेट दप्तर तपासणीपेक्षा कितीतरी मोलाची ठरेल.

एक गट घेताना बाकीची मुले गोंधळ घालतील, हा आक्षेप खोटा नाही. म्हणून प्रशिक्षणाचे पहिले काही दिवस गटवाचनाऐवजी उरलेल्यांच्या कामावर खर्च करावेत: जोडीवाचन, वाचलेल्याचे चित्र, वर्गपेटीतली पुस्तके. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. त्यामुळे एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळणाऱ्यांना यातले बरेच आधीच येत असते. गटामुळे ‘ढ’ असा शिक्का बसतो, ही भीती अधिक गंभीर आहे. गट कायमचे झाले तर शिक्का बसतोच. ते नोंदींवरून दर काही आठवड्यांनी मोडून पुन्हा बांधायचे असतात. दिवाळीत ज्या गटात मूल होते त्याच गटात ते मार्चमध्येही दिसले, तर नोंदवही उघडून पाहावी. बहुधा मधल्या काळातली एकही नोंद तिच्यात नसते.